मशीन रात्री अडकतं आणि लॉग कोरा सापडतो: लिनक्स कर्नलचे संदेश पुढच्या वेळेआधी कसे पकडायचे

तक्रार बहुतेक वेळा एकाच साच्यातली असते. सकाळी ऑफिस उघडलं, सर्व्हरचा पंखा फिरतोय, दिवा लागलेला आहे, पण कुणाचीच फाइल उघडत नाही. स्क्रीन काळी. कुणीतरी बटण दाबून धरतं, मशीन बंद होतं, पुन्हा सुरू होतं आणि दिवसभर सुरळीत चालतं. आठ-पंधरा दिवसांनी पुन्हा तेच. मग तुम्हाला बोलावणं येतं. तुम्ही कर्नलचा (म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचा) लॉग उघडता, तर त्यातली पहिली ओळ आज सकाळच्या रीस्टार्टची. आदल्या रात्रीचं काहीच नाही.

मुंबईत अशा वेळी कारणं तयारच असतात. पावसाळा असेल तर दमट हवा, उन्हाळा असेल तर एसी बंद होता, एरवी 'व्होल्टेज वरखाली झालं असेल'. त्या अंदाजावर लॅमिंग्टन रोडवरून नवी रॅम येते, मग नवा एसएमपीएस येतो, शेवटी कुणीतरी सगळी प्रणाली पुसून नव्यानं टाकतं. त्यानं दुखणं क्वचितच जातं, पण होता नव्हता तो पुरावा मात्र नक्की जातो. कर्नल मरण्याआधी किंवा अडकण्याआधी बहुतेक वेळा काहीतरी बोललेला असतो. ते बोलणं टिकेल अशी सोय आधी करा, सुटे भाग नंतर विकत घ्या.

खालच्या आज्ञा आणि फाइलींची नावं देवनागरीत लिहिली आहेत. टर्मिनलवर ती रोमन लिपीत टाइप करायची, लहान अक्षरांत. मोठं अक्षर लागेल तिथे तसं सांगितलं आहे.

बटण दाबण्याआधी दोन मिनिटं

ऑफिसातल्या माणसांना हे एकदा समजावून ठेवा, कारण अडकलेल्या मशीनपाशी पहिल्यांदा तेच पोचतात.

कीबोर्डवरचं कॅप्स लॉक दाबून बघायचं. प्रत्येक दाबाबरोबर दिवा लागत-विझत असेल तर कर्नल अजून जिवंत आहे, कीबोर्डकडे लक्ष देतोय. दुसऱ्या संगणकावरून सर्व्हरला पिंग करायचं. पिंगला उत्तर कर्नल स्वतः देतो, त्यासाठी डिस्कवरून काही वाचावं लागत नाही. म्हणून पिंग चालतंय पण लॉगिन होत नाही, फाइल उघडत नाही, असं दिसलं तर संशय डिस्ककडे किंवा मेमरीकडे वळवा. कर्नल बसलेला नाही, त्याच्या हाताखालचं काहीतरी अडकलंय. पिंगही बंद आणि कॅप्स लॉकही मुका, तर गोष्ट वेगळी: कर्नल पॅनिक (मोठी चूक झाल्यामुळे कर्नलनं स्वतःच थांबणं), पूर्ण गोठणं किंवा प्रोसेसर-मदरबोर्डचं दुखणं. स्क्रीनवर काही अक्षरं असतील तर मोबाइलनं फोटो काढायचा, तळापर्यंत सगळं येईल असा. एवढं झालं की मग बटण.

या दोन मिनिटांत पुढचा अर्धा तपास ठरतो, म्हणून मी कागदावर लिहून सर्व्हरच्या बाजूला चिकटवून ठेवतो.

संदेश कुठे जातात

कर्नल जे काही सांगतो ते प्रिंटके या फंक्शनमधून बाहेर पडतं आणि सर्वांत आधी मेमरीतल्या एका ठरावीक मापाच्या बफरमध्ये पडतं. बफर भरला की नवी ओळ सर्वांत जुन्या ओळीची जागा घेते. डीमेसेज ही आज्ञा आपल्याला हाच बफर दाखवते. बफर मेमरीत असल्यामुळे वीज गेली की संपला. रीस्टार्टनंतर डीमेसेज चालवून कालच्या रात्रीचा शोध घेणं व्यर्थ आहे, तिथे ते असूच शकत नाही.

नुसतं डीमेसेज चालवल्यावर 'ऑपरेशन नॉट परमिटेड' असं आलं तर घाबरू नका. डेबियन आणि उबंटूच्या हल्लीच्या आवृत्त्यांत साध्या वापरकर्त्याला कर्नलचा बफर वाचू देत नाहीत, कारण त्यातून कर्नलच्या मेमरीचे पत्ते फुटू शकतात. आज्ञेआधी सुडो लावून, म्हणजे प्रशासकाच्या अधिकारानं, वाचा. ही अडचण टाळायला कर्नल.डीमेसेज_रिस्ट्रिक्ट शून्य करून ठेवा असा सल्ला जागोजागी मिळतो. चारजण लॉगिन करतात अशा सर्व्हरवर तो मुळीच ऐकू नका. लॉग वाचायची गरज असलेल्या माणसाला एडीएम किंवा सिस्टमडी-जर्नल या गटात घाला, जर्नल (प्रणालीच्या संदेशांची नोंदवही) वाचण्यापुरतं काम भागतं.

बफरमधून पुढे दोन वाटा फुटतात. एक वाट कन्सोलची, म्हणजे स्क्रीन, सीरियल पोर्ट वगैरे. दुसरी वाट जर्नलडी किंवा आरसिसलॉग यांच्याकडे जाते, ते संदेश उचलून फाइलीत लिहितात. लोकांची गल्लत होते ती इथेच. कन्सोलवर किती संदेश दिसावेत याची पातळी कमी केली म्हणून फाइलीत कमी जात नाहीत, आणि ती वाढवली म्हणून फाइल आपोआप टिकाऊ होत नाही. दोन्ही नळ वेगळे आहेत.

पातळ्या आठ, शून्य ते सात. शून्य म्हणजे आणीबाणी, ३ म्हणजे चूक, ४ म्हणजे इशारा, ६ म्हणजे माहिती, ७ म्हणजे डीबग. आकडा जितका लहान तितकी गोष्ट गंभीर. ही उतरंड लिनक्सहून जुनी आहे. एरिक ऑलमन यांनी १९८० च्या दशकात सेंडमेलसाठी सिसलॉग लिहिलं, तिथून ती सगळीकडे पसरली.

कन्सोलची पातळी बघायची असेल तर:

कॅट /प्रॉक/सिस/कर्नल/प्रिंटके

चार आकडे येतात. उबंटूवर बहुधा ४ ४ १ ७. पहिला आकडा कामाचा: त्याच्याहून लहान आकड्याचेच संदेश कन्सोलवर जातात. म्हणजे पहिला आकडा ४ असेल तर चुका दिसतील, इशारे दिसणार नाहीत. आणि मोठी चूक होण्याआधी बऱ्याचदा इशारेच येत असतात. तात्पुरतं सगळं बघायला:

सुडो डीमेसेज -एन ८

हे रीस्टार्टपर्यंत टिकतं. कायमसाठी लोक /ईटीसी/डीफॉल्ट/ग्रब (ग्रब म्हणजे कर्नल सुरू करून देणारा प्रोग्राम) उघडून कर्नलच्या ओळीतून क्वाएट काढतात, लॉगलेव्हल=७ घालतात, अपडेट-ग्रब चालवतात, मशीन पुन्हा सुरू करतात आणि बघतात तर पहिला आकडा परत ४. यात तासन्‌तास जातात. कारण असं की उबंटूमध्ये /ईटीसी/सिससीटीएल.डी या निर्देशिकेत १०-कन्सोल-मेसेजेस.कॉन्फ नावाची फाइल असते, ती बूट होताना तोच आकडा पुन्हा ४ वर आणून ठेवते. बदल तिथेही करा, किंवा तिथेच करा. तपास चालू असेपर्यंत ग्रबच्या ओळीत इग्नोर_लॉगलेव्हल हा शब्द घातला तरी चालतं, मग पातळी कुणीही काहीही ठेवो, सगळं कन्सोलवर येतं. त्याच ओळीत कन्सोलब्लँक=० घाला, म्हणजे स्क्रीन आपणहून काळी होणार नाही आणि सकाळी मोबाइलच्या फोटोत शेवटच्या ओळी मिळतील. सर्व्हरवर डेस्कटॉप चालू असेल तर मात्र कन्सोल त्याच्या मागे दडतो, तेव्हा असा सर्व्हर साध्या टर्मिनलच्या पडद्यावर ठेवलेला बरा.

रीस्टार्टनंतरही टिकेल अशी नोंद

आधी बघा मागच्या बूटची नोंद शिल्लक आहे का:

जर्नलसीटीएल --लिस्ट-बूट्स

एकच ओळ आली तर जर्नल मेमरीत चाललंय. अनेक ओळी आल्या तर नशीब चांगलं आहे, मागच्या बूटचे कर्नलचे संदेश असे मिळतील:

जर्नलसीटीएल -के -बी -१

जर्नल कुठे लिहायचं हे /ईटीसी/सिस्टमडी/जर्नलडी.कॉन्फ मधल्या स्टोरेज या ओळीवर ठरतं. ती 'ऑटो' असेल तर /व्हार/लॉग/जर्नल ही निर्देशिका अस्तित्वात आहे का, एवढंच जर्नलडी बघतो. आहे तर डिस्कवर लिहितो. नाही तर /रन/लॉग/जर्नल मध्ये, म्हणजे मेमरीत, आणि रीस्टार्टला सगळं जातं. डिस्क भरली म्हणून कुणीतरी कधीतरी /व्हार/लॉग मधलं 'नको ते' पुसतं, त्यात ही निर्देशिका जाते, आणि त्या दिवसापासून सर्व्हर विसरभोळा होतो. कुठेही चूक झाल्याचा संदेश येत नाही, म्हणून कुणाच्या लक्षातही येत नाही. रेड हॅट घराण्यातल्या प्रणालींवर जर्नल मुळातच मेमरीत असू शकतं. तिथे कायमची नोंद आरसिसलॉग करतो, /व्हार/लॉग/मेसेजेस मध्ये. डेबियन-उबंटूवर आरसिसलॉग असेल तर कर्नलचे संदेश /व्हार/लॉग/कर्न.लॉग मध्ये मिळतात, पण डेबियन १२ पासून तो आपोआप बसवलेला नसतो, तेव्हा ती फाइल नाही म्हणून गोंधळू नका.

निर्देशिकेवर विसंबून न राहता स्टोरेज=पर्सिस्टंट असं स्पष्ट लिहावं (या फाइलीत = च्या आधीच्या नावातल्या प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर मोठं). त्याच फाइलीत आणखी दोन ओळींकडे बघा. एक सिस्टममॅक्सयूज. काही न लिहिल्यास जर्नल त्या फाइलसिस्टमच्या १० टक्क्यांपर्यंत आणि जास्तीत जास्त ४ जीबी जागा घेतं, लहान डिस्कवर हा आकडा स्वतः ठरवून द्या. दुसरी सिंकइंटर्व्हलसेक, आणि या दुखण्यात हीच जास्त महत्त्वाची. जर्नलडी प्रत्येक ओळ तत्काळ डिस्कवर पक्की करत नाही. शून्य, १ आणि २ या पातळ्यांचा संदेश आला तरच लगेच पक्कं करतो, बाकीच्यांसाठी मुळातली मुदत ५ मिनिटांची. आता विचार करा: डिस्कच्या चुकांचे संदेश पातळी ३ चे, त्याआधीचे इशारे ४ चे. मशीन अचानक बंद पडलं तर नेमकी हवी असलेली शेवटची मिनिटंच हातातून जाऊ शकतात. तपास चालू असेपर्यंत ही मुदत १० सेकंदांवर आणा. डिस्कवर थोडा ताण वाढतो, तो चालवून घ्या.

बदल केल्यावर सुडो सिस्टमसीटीएल रीस्टार्ट सिस्टमडी-जर्नलडी, मग सुडो जर्नलसीटीएल --फ्लश. मुद्दाम एकदा मशीन रीस्टार्ट करून --लिस्ट-बूट्स पुन्हा चालवा. दोन ओळी दिसल्याशिवाय घरी जाऊ नका.

बफर लहान पडणं हाही एक प्रकार. जर्नलमध्ये 'मिस्ड इतके कर्नल मेसेजेस' अशी ओळ दिसली तर समजा की कर्नल इतक्या वेगानं बोलत होता की जर्नलडीला उचलता आलं नाही आणि मधलं पुसलं गेलं. ग्रबच्या ओळीत लॉग_बफ_लेन=४एम घालून बफर मोठा करा (इथला एम मोठा). पण त्याआधी एवढी बडबड कोण करतंय ते शोधा:

जर्नलसीटीएल -के -बी -ओ कॅट | सॉर्ट | युनिक -सी | सॉर्ट -एनआर | हेड

उबंटूवर वरच्या ओळींत बहुतेक वेळा यूएफडब्ल्यू ब्लॉक निघतं. फायरवॉल नाकारलेल्या प्रत्येक पॅकेटची नोंद कर्नलच्या लॉगमध्येच करते, आणि ऑफिसच्या लॅनवर प्रिंटर, टीव्ही, फोन सतत काही ना काही ओरडत असतात. यूएफडब्ल्यूचं लॉगिंग कमी पातळीवर आणा किंवा तपासापुरतं बंद करा. पीसीआयई एईआर करेक्टेड एरर (मदरबोर्डवरच्या कार्डाच्या जोडणीतली, आपोआप सुधारलेली चूक) हे दुसरं नेहमीचं नाव. ते लपवायच्या आधी कार्ड काढून, साफ करून, नीट बसवून बघा.

साडेपाच तासांची गफलत

सर्व्हर म्हणून वापरात असलेलं मशीन पूर्वी विंडोजचं असेल, तर त्याच्या हार्डवेअर घड्याळात भारतीय वेळ भरलेली असते. लिनक्स ते घड्याळ यूटीसी (जागतिक प्रमाण वेळ) समजून वाचतो. मग बूट होताना पहिले संदेश खऱ्या वेळेच्या साडेपाच तास पुढचे दिसतात, आणि इंटरनेटवरून वेळ जुळली की घड्याळ मागे उडी मारतं. सकाळी दहाला चालू केलेल्या मशीनचे संदेश दुपारी साडेतीनचे दिसतात, घटनांचा क्रम उलटसुलट वाटतो, आणि आपण भलत्याच वेळी काय झालं ते शोधत बसतो. टाइमडेटसीटीएल चालवून आरटीसीची, म्हणजे याच हार्डवेअर घड्याळाची, वेळ बघा. ती यूटीसीत असली पाहिजे. तोवर क्रम पक्का बघायला जर्नलसीटीएल -के -ओ शॉर्ट-मोनोटोनिक वापरा, त्यात बूटपासूनचे सेकंद येतात आणि घड्याळाच्या उड्यांचा त्यांच्यावर परिणाम होत नाही. डीमेसेजला मोठ्या टीचा पर्याय दिला की माणसाला वाचता येईल अशी वेळ येते खरी, पण लॅपटॉप मधे झोपून उठलेला असेल तर ती वेळ चुकते. सोमवारी सकाळी कुणी काय केलं यावर वाद चालू असताना तिच्यावर भिस्त ठेवू नका.

लॉग ज्या डिस्कवर, तीच गायब झाली तर

गिरगावातल्या एका छापखान्याच्या ऑफिसात हाच प्रकार होता. फाइल सर्व्हर अडकायचा, आणि जवळजवळ नेहमी सोमवारी सकाळी कळायचं. तिथल्या हिशेब बघणाऱ्या काकूंचा ठाम ग्रह होता की रविवारी एसी बंद असतो म्हणून मशीन तापतं. "सर, आमचं ऐका, आधी एसी चालू ठेवायची परवानगी काढा," असं त्या प्रत्येक वेळी म्हणायच्या. त्यांचं निरीक्षण खरं होतं, वार चुकत नव्हता. कारण तेवढं तपासायचं होतं.

जर्नल मेमरीत चाललं होतं, ते डिस्कवर आणलं. पुढच्या वेळी नोंद मिळाली, पण ती शनिवारी रात्री एका साध्या ओळीवर तुटली होती. चूक नाही, इशारा नाही, तापमानाचा उल्लेख नाही. त्यानंतर सरळ सोमवारचा बूट. मात्र त्या सोमवारी काकूंनी बटण दाबण्याआधी पिंग करून बघितलं होतं, आणि उत्तर येत होतं. रविवारभर कर्नल जिवंत होता, तरी एक ओळ लिहिली गेली नव्हती. या दोन गोष्टी एकत्र ठेवल्या की एकच अर्थ निघतो: लिहायला डिस्कच नव्हती.

अशा वेळी संदेश मशीनच्या बाहेर काढावे लागतात. त्यासाठी नेटकन्सोल नावाचं मोड्यूल कर्नलमध्येच असतं. ते कन्सोलवरचे संदेश यूडीपीनं थेट दुसऱ्या संगणकाकडे पाठवतं, मधे ना डिस्क, ना जर्नलडी. ऑफिसातला कुठलाही जुना पीसी संदेश घेणारा म्हणून चालतो. पाठवणाऱ्या सर्व्हरवर:

सुडो मॉडप्रोब नेटकन्सोल नेटकन्सोल=६६६५@१९२.१६८.१.१०/ईएनओ१,६६६६@१९२.१६८.१.२०/मॅक-पत्ता

पहिला पत्ता सर्व्हरचा, त्यापुढे त्याच्या नेटवर्क कार्डाचं नाव. स्वल्पविरामानंतर घेणाऱ्याचा पत्ता आणि शेवटी त्याचा मॅक पत्ता. घेणाऱ्या पीसीवर:

एनसी -यू -एल ६६६६ | टीएस | टी -ए कर्नल-संदेश.टीएक्सटी

फाइलीचं नाव आपल्या सोयीचं. एनसीच्या काही जातींना ६६६६ च्या आधी -पी लागतो. टीएस ही आज्ञा मोअरयुटिल्स या पॅकेजात मिळते, ती प्रत्येक ओळीला आल्याची वेळ लावते. ती वेळ घेणाऱ्याच्या घड्याळाची, म्हणून ते आधी जुळवा.

चार ठिकाणी हे अडतं. सर्व्हर वायफायवर असेल तर बहुधा चालणारच नाही, केबल हवी. घेणाऱ्याच्या फायरवॉलमध्ये यूडीपी ६६६६ उघडा लागतो. नेटकन्सोल कन्सोलची पातळी पाळतं, म्हणून डीमेसेज -एन ८ विसरलात तर इशारे पोचणार नाहीत. आणि मॉडप्रोब रीस्टार्टनंतर टिकत नाही, कायमसाठी /ईटीसी/मॉडप्रोब.डी मध्ये पर्यायांची ओळ आणि /ईटीसी/मोड्यूल्स-लोड.डी मध्ये मोड्यूलचं नाव लिहावं लागतं. सगळं जुळलं का ते बघायला सर्व्हरवर:

एको चाचणी | सुडो टी /डेव्ह/केमेसेज

ही ओळ पातळी ४ ची धरली जाते. ती दुसऱ्या पीसीवर उमटली म्हणजे वाट मोकळी आहे आणि पातळीही बरोबर आहे, एका दगडात दोन पक्षी. संदेश उघडे, कुलूप नसलेले जातात, त्यामुळे हे ऑफिसच्या आतल्या लॅनपुरतंच ठेवा.

छापखान्यात पुढच्या शनिवारच्या रात्री घेणाऱ्या पीसीवर ओळी आल्या. आधी एटीए१ एक्सेप्शन, त्यात पीएचवायआरडीवायसीएचजी ही खूण. मग हार्ड रीसेटिंग लिंक. मग लिंक इज स्लो टू रिस्पॉन्ड. हे दोनतीनदा, मग साटा लिंक डाउन. त्यानंतर इनपुट-आउटपुट चुकांचा पूर, ईएक्सटी४ च्या तक्रारी, आणि शेवटी फाइलसिस्टम केवळ वाचण्यापुरती केल्याची ओळ.

वाचताना नजर शेवटाकडे धावते, कारण तिथे सर्वांत भीतिदायक शब्द असतात. फाइलसिस्टम बिघडली असं वाटतं, माणूस एफएससीके चालवतो, ती काही चुका दुरुस्त करते, आणि काम झाल्यासारखं वाटतं. पण कारण पहिल्या ओळीत होतं. पीएचवायआरडीवायसीएचजी म्हणजे डिस्क आणि मदरबोर्ड यांच्यातला विजेच्या पातळीवरचा दुवाच क्षणभर तुटला. डिस्कच्या पृष्ठभागावरचा खराब भाग असा बोलत नाही, तो वाचनाच्या चुका देतो आणि दुवा शाबूत राहतो. म्हणून मी नेहमी पहिल्या असामान्य ओळीपाशी थांबतो आणि तिच्या आधीच्या पाच मिनिटांत मशीन काय करत होतं ते शोधतो. इथे उत्तर सोपं होतं. रोज रात्री बदललेल्या फाइलींचा बॅकअप व्हायचा, शनिवारी मात्र पूर्ण. दोन्ही डिस्क एकाच वेळी पूर्ण जोरात चालायची आठवड्यातली तेवढीच वेळ. एसी त्या वेळी बंद असायचा हे खरं, पण अडकायची वेळ बॅकअप सुरू झाल्यानंतर थोड्याच वेळाची होती.

आता केबल की वीज, हे डिस्कलाच विचारता येतं:

सुडो स्मार्टसीटीएल -ए /डेव्ह/एसडीए

येणाऱ्या यादीतला ५ क्रमांकाचा आणि १९७ क्रमांकाचा आकडा पृष्ठभागाचा हाल सांगतो. ते वाढत असतील तर डिस्क बदला, वेळ घालवू नका. १९९ क्रमांक सीआरसी चुकांचा, म्हणजे डेटा केबलवरून जाताना बिघडलेल्या पाकिटांचा. तो वाढतोय तर आधी केबल. १२ क्रमांक डिस्कला किती वेळा वीज बंद-चालू झाली ते मोजतो, आणि त्याकडे फारसं कुणी बघत नाही. छापखान्यात शुक्रवारी लिहून ठेवलेला १२ क्रमांकाचा आकडा सोमवारी एकानं वाढायला हवा होता, कारण मशीन एकदाच बंद करून चालू केलं होतं. तो त्याहून जास्त वाढला होता. ५ आणि १९७ शून्यावरच. म्हणजे मशीन चालू असताना फक्त डिस्कची वीज जाऊन येत होती.

कॅबिनेट उघडलं. दोन्ही डिस्कना एकाच जुन्या मोलेक्स-साटा जोडणीतून फाटा काढून वीज दिली होती आणि तिच्या एका पिनेवर काळपट थर चढला होता. गंजलेल्या जोडणीचा रोध वाढतो, भार कमी असेपर्यंत निभतं, दोन्ही डिस्कनी एकदम वीज ओढली की विजेचा दाब खाली येतो आणि डिस्क स्वतःला रीसेट करते. समुद्राजवळच्या जागांत तांब्या-पितळेच्या जोडण्या लवकर खराब होतात, तेव्हा असे फाटे काढूच नयेत. एसएमपीएसमधून थेट येणाऱ्या दोन वेगळ्या साटा तारा दिल्या, डेटा केबलही बदलल्या. त्यानंतरच्या शनिवारांचे पूर्ण बॅकअप शेवटपर्यंत गेले आणि घेणाऱ्या पीसीवर एटीएचं नाव उमटलं नाही. काकूंना १२ क्रमांकाचा आकडा दाखवला, त्यांनी तो आपल्या वहीत उतरवून घेतला. आता दर शुक्रवारी त्याच बघतात.

दुसरी दुखणी, थोडक्यात

रात्री एखादी सेवाच तेवढी मरते आणि मशीन ठीक असतं, तर मेमरी संपली का ते बघा:

जर्नलसीटीएल -के -बी ऑल -जी 'आउट ऑफ मेमरी'

कर्नलनं कोणती प्रक्रिया मारली आणि तेव्हा ती किती मेमरी धरून होती ते त्याच ओळीत असतं. जी मारली गेली तीच दोषी असेल असं धरू नका, पूर्ण लॉगमध्ये त्या ओळीच्या वरच्या तक्त्यात सगळ्यांची नावं असतात. 'ऑल' हा पर्याय जुन्या आवृत्तीत नसेल तर -बी ला एकेका बूटचा क्रमांक द्या: -१, -२ असा.

'ब्लॉक्ड फॉर मोअर दॅन १२० सेकंद्स' ही ओळ अडकलेल्या प्रक्रियेची आहे. ती बहुतेक वेळा संथ डिस्क किंवा तुटलेल्या एनएफएस (नेटवर्कवरून फाइली वापरण्याच्या) जोडणीकडे बोट दाखवते. ओळीखालचा कॉल ट्रेस वाचा, त्यात फाइलसिस्टमची किंवा एनएफएसची नावं ओळखू येतात.

पूर्ण पॅनिक होत असेल तर रीस्टार्टनंतर /व्हार/लिब/सिस्टमडी/पीस्टोर बघा. यूईएफआय (नव्या धाटणीचं फर्मवेअर) असलेल्या बऱ्याच मशीनवर मरताना कर्नल शेवटच्या ओळी फर्मवेअरच्या मेमरीत टाकतो आणि पुढच्या बूटला त्या इथे येतात. नुसत्या गोठण्यात मात्र तिथे काही येत नाही. त्यासाठी कर्नल.सिसआरक्यू=१ ठेवा, मग अडकलेल्या मशीनवर ऑल्ट, सिसआरक्यू (बहुधा प्रिंट स्क्रीनचंच बटण) आणि डब्ल्यू एकत्र दाबले की अडकलेल्या सगळ्या प्रक्रियांची यादी कन्सोलवर आणि नेटकन्सोलवर येते. उबंटूचा मुळातला आकडा १७६ असतो, त्यात ही यादी काढायची परवानगी नसते, म्हणून आधीच बदलून ठेवावं लागतं. त्याच जोडीनं एस, यू, बी क्रमानं दाबलं की बटण दाबून धरण्यापेक्षा डिस्कचं नुकसान कमी होतं.

दुखणं सापडल्यावर

इग्नोर_लॉगलेव्हल काढून टाका आणि डीमेसेजची पातळी पूर्ववत करा. सीरियल कन्सोल असेल तर जास्त पातळीनं मशीन मंदावतं. सिंकची मुदत परत ५ मिनिटांवर नेली तरी चालेल, मी एका मिनिटावर ठेवतो. सिसआरक्यू ज्या खोलीत कुणीही ये-जा करतं तिथे १७६ वर परत न्या. स्टोरेज=पर्सिस्टंट, कन्सोलब्लँक=० आणि आरटीसी यूटीसीत, ही तीन कायमची राहू द्यात. नेटकन्सोल घेणारा पीसी चालू राहणार असेल तर तेही राहू द्या, फाइल मात्र जुने लॉग आवरणाऱ्या लॉगरोटेटच्या ताब्यात द्या, आणि पावसाळ्याआधी एकदा /डेव्ह/केमेसेज मध्ये चाचणीची ओळ लिहून ती पलीकडे उमटते का ते बघा.